पॅरासेटची प्रतिकृती, काही महिन्यांच्या वापरानंतर: बाकी कुठेही काटकसर करा, क्रिस्टलवर नको

पॅरासेट म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या हेरांचा छोटा रेडिओ संच. त्याच्या प्रतिकृतीतला क्रिस्टल (प्रक्षेपणाची फ्रिक्वेन्सी ठरवणारी क्वार्ट्झची चकती) पुन्हा तडकला, म्हणून हे लिहायला घेतलं. संच कसा आहे ते इथे बहुतेकांना ठाऊक आहे: रिसीव्हरला दोन ६एसके७ व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतल्या निर्वात नळ्या), ट्रान्समीटरला एकटा ६व्ही६, आणि पॅनेलवरच बसवलेली मोर्स की. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या व्हॅडन हॉलमधून निघालेला हा मार्क ७, म्हणजेच पॅरासेट, नॉर्वे, हॉलंड, बेल्जियम, फ्रान्समधल्या हेरांच्या हातात असायचा. प्रतिकृतीचं किट घेतलं तर चेसिस, कॉइल फॉर्मर, सॉकेट सगळं नीट येतं. तक्रार आहे ती सोबत दिलेल्या क्रिस्टलबद्दल.

विक्रेते सर्रास एचसी-४९ डबीतला, मायक्रोप्रोसेसरला लावतात तो चिमुकला क्रिस्टल देतात. तो एखाद-दुसऱ्या मिलिवॉटसाठी बनवलेला असतो. इथे मात्र फ्रिक्वेन्सी निर्माण करणारा ऑसिलेटरच पॉवर व्हॉल्व्ह आहे आणि सगळा फीडबॅक क्रिस्टलमधून फिरतो. मेलेल्या क्रिस्टलची डबी कापून पाहा: चांदीचा मुलामा दिलेली पातळ चकती काठापासून मध्यापर्यंत चिरलेली दिसते. जुन्या, उघडता येणाऱ्या एफटी-२४३ डबीतल्या क्रिस्टलमध्येही ७ मेगाहर्ट्झसाठी क्वार्ट्झची जाडी जवळपास तेवढीच असते, कारण जाडी फ्रिक्वेन्सीवर ठरते. फरक आकारमानाचा आणि पकडीचा. तिथली चकती मोठी असते आणि दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये स्प्रिंगने दाबलेली असते, त्यामुळे उष्णता बाहेर जायला वाट मिळते. शिवाय स्क्रू काढून ती साफ करता येते.

तडकण्याआधी क्रिस्टल इशारा देतो, तो म्हणजे चिर्प. की दाबली की सूर घसरतो, कारण करंटने चकती तापते. यावर उपाय असे. क्रिस्टलच्या सिरीजमध्ये ६ व्होल्ट, ६० मिलिअँपियरचा छोटा दिवा लावा. तो ठळक पेटला तर करंट जास्त आहे, आणि अति झालं तर क्रिस्टलऐवजी दिवा जाईल. टँक कंडेन्सर (ट्रान्समीटरचं आउटपुट ट्यून करणारा) अगदी सर्वाधिक आउटपुटच्या शिखरावर ठेवू नका, कपॅसिटी कमी करत थोडा अलीकडे आणा. अँटेनाचा दिवा किंचित मंद होईल, पण सूर स्थिर राहील.

सगळ्यात मोठा फरक मात्र एचटी (व्हॉल्व्हच्या प्लेटला दिलेला उच्च व्होल्टेज) उतरवल्याने पडतो. मूळ संचाला सुमारे ३५० व्होल्ट लागत म्हणून बहुतेक जण तेवढेच देतात. ६व्ही६जीटीच्या जुन्या डेटाशीटमध्ये प्लेटची मर्यादा ३१५ आणि स्क्रीनची २८५ दिली आहे. २५० व्होल्टवर आउटपुट ढोबळ हिशेबाने निम्मं होतं, म्हणजे ३ डीबी, अर्धं एस-युनिट (रिसीव्हरवर सिग्नलची ताकद मोजायचं माप). समोरच्याला ते जाणवतही नाही; इकडे क्रिस्टल वाचतो.

पॉवर सप्लायला नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेऊ नका. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला २५०-०-२५० चालतो. डायोडनंतर कंडेन्सर लावला तर विनालोड साडेतीनशेच्या वर चढतो, म्हणून पुढे व्होल्टेज उतरवणारा ड्रॉपर रोधक हवाच. तिन्ही हीटर मिळून ६.३ व्होल्टवर १.०५ अँपियर. फिल्टरवर १०० किलोओम, २ वॉटचा ब्लीडर (बंद केल्यावर साठलेला चार्ज रिकामा करणारा रोधक) न चुकता लावा. तरीही ३२ मायक्रोफॅरड रिकामा व्हायला पंधरा-वीस सेकंद जातात. तेवढं थांबल्याशिवाय आत हात घालू नका. हेडफोन थेट दुसऱ्या ६एसके७च्या प्लेटमध्ये असेल तर कानाशी एचटी येतो. तिथे आउटपुट ट्रान्सफॉर्मर घाला, मग मूळ रचना मोडली तरी चालेल.

रिसीव्हरबद्दल मत साफ बदललं. एकाच फेऱ्यात ३ ते ७.६ मेगाहर्ट्झ, म्हणजे अर्ध्या वर्तुळात सरासरी अंशाला २५ किलोहर्ट्झ, आपला ७.० ते ७.२ चा अख्खा हौशी बँड जेमतेम आठ अंशांत, आणि वरच्या टोकाला त्याहूनही कमी जागेत. सुरुवातीला हे निरुपयोगी वाटतं. पण मुख्य ट्यूनिंग कंडेन्सरला समांतर १० पिकोफॅरडचा छोटा व्हेरिएबल लावला आणि रिअॅक्शन (डिटेक्टरला परत दिलेला फीडबॅक) शिट्टी सुरू होण्याच्या जरा पुढे ठेवली, की रात्री दूरदूरचे मोर्स संकेत स्वच्छ ऐकू येतात. दोन व्हॉल्व्हमध्ये इतकं ऐकू येतं याचं खरंच अप्रूप वाटतं. डिटेक्टरच्या आधी आरएफ स्टेज नाही, त्यामुळे शिट्टीच्या अवस्थेत रिसीव्हर स्वतःच अँटेनातून थोडं प्रक्षेपण करतो. दिशाशोधक गाड्या फिरत असलेल्या शहरात ऐकायला बसणंही किती धोक्याचं असेल, हे त्यातून कळतं.

आपल्याकडेही १९४२ मध्ये उषा मेहतांचा भूमिगत काँग्रेस रेडिओ मुंबईतून ४२.३४ मीटरवर बोलायचा, म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. आजच्या हौशी बँडच्या आतलीच जागा.

आता खरेदीचं. ७ मेगाहर्ट्झच्या बँडमधला एफटी-२४३ परदेशातून मागवला तर टपालखर्च धरून तिन्ही व्हॉल्व्हपेक्षा महाग पडतो. तरी तोच घ्या, शक्यतो ७.०३० च्या आसपासचा, कारण कमी पॉवरवर काम करणारे हौशी तिथे कान लावून असतात. तो मिळेपर्यंत जुना, मोठ्या डबीतला एचसी-६ चालतो, २५० व्होल्टवर आणि दिवा लावूनच. हौशी रेडिओचा परवाना नसेल तर ६व्ही६ सॉकेटमधून काढून ठेवा आणि फक्त रिसीव्हर चालवा.