किलोमीटर मोजायचे की कोंबड्या?

माझी मावसबहीण आणि तिचे यजमान येत्या ऑगस्टात पुण्याहून सिडनीला मुलीकडे येतायत. मुक्काम तीन महिन्यांचा. मुलगी-जावई दिवसभर कामावर, तेव्हा मधले सहा आठवडे ह्या दोघांना शहराबाहेरचा ऑस्ट्रेलिया बघायचाय. समोर दोन बेत आहेत. एक म्हणजे भाड्याने कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन न्यू साउथ वेल्सच्या आतल्या भागात हिंडायचं. दुसरा असा की फोर्ब्स गावाबाहेर शेतावर राहणारे आमचे मित्र त्याच सुमारास महिनाभर युरोपला चाललेत, तर त्यांचं घर, कुत्रा आणि कोंबड्या सांभाळत एका जागी राहायचं. "ताई, तू दोन्ही केलंयस, आता तूच सांग," असा तिचा मेसेज आला. त्याचं उत्तर लिहायला बसले ते लांबत गेलं.

दोन्ही केलंय हे खरं. मेलबर्नात इतकी वर्षं नोकरी केल्यावर साठलेली लाँग सर्व्हिस लीव्ह घेतली, एक जुनी सतरा फुटी कॅरॅव्हॅन विकत घेतली आणि रस्त्यात मित्रांची तीन घरं राखली. लोकांना वाटतं घर राखणं म्हणजे फुकटची राहायची सोय आणि कॅरॅव्हॅन म्हणजे मोकळीक. माझा अनुभव थोडा उलटा आहे. कॅरॅव्हॅनमध्ये दिवसाची सगळी आखणी त्या गाडीभोवती फिरते, आणि राखणीच्या घरात सकाळ-संध्याकाळचा एकेक तास सोडला तर दिवस तुमचा.

आधी रस्ता. मेलबर्नहून उत्तरेला निघालं की मरे नदीकाठच्या टोकमवालपासून न्यूवेल हायवे सुरू होतो आणि क्वीन्सलंडच्या सीमेवर गुंडीविंडीला संपतो, साधारण १,०६० किलोमीटर. जेरिल्डरी, नरँडेरा, वेस्ट वायलाँग, फोर्ब्स, पार्क्स, डबो, कूनाबाराब्रन अशी गावं माळेत ओवल्यासारखी येतात. नकाशावर बघून "दोन दिवसांत होईल" असं म्हणणारा माणूस मागे काही ओढत नसतो. दोन-सव्वादोन टनांची कॅरॅव्हॅन जोडली की रोजचे तीनशे किलोमीटर खूप झाले. एरवी शंभर किलोमीटरला नऊ-दहा लिटर पिणारी आमची गाडी सोळा-सतरावर गेली. गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून साडेचार टनांच्या वर गेली, तर न्यू साउथ वेल्समध्ये ताशी १०० च्या पुढे जाता येत नाही. समोरून लांबलचक ट्रक सुसाट गेला की कॅरॅव्हॅन आधी त्याच्याकडे ओढली जाते, मग बाहेर ढकलली जाते. ट्रकवाले रेडिओच्या ४० नंबरच्या चॅनेलवर बोलतात. आम्हीही तो लावून ठेवायचो. आमच्याबद्दलच बरंवाईट ऐकू यायचं, पण मागून कोण येतंय ते कळायचं.

शिवाय कांगारूंमुळे सूर्य कलला की गाडी थांबलेली हवी. म्हणजे सकाळी आवराआवर करून नऊला निघा, तीनपर्यंत मुक्कामाला पोचा, पायऱ्या लावा, पाणी जोडा, वीज जोडा, छत उघडा. ह्याला मोकळीक म्हणायचं तर म्हणा.

रिव्हर्सचं मुद्दाम सांगते. कॅरॅव्हॅनचं बूड उजवीकडे न्यायचं तर स्टिअरिंग डावीकडे फिरवावं लागतं. जेरिल्डरीत पहिल्या संध्याकाळी मी मागे उभी राहून हात दाखवतेय, नवरा आरशात मला शोधतोय, आणि शेजारची पाच-सहा पांढऱ्या केसांची जोडपी खुर्च्या वळवून, हातात ग्लास घेऊन बसलेली. संध्याकाळची करमणूक तीच असते तिथे. चौथ्या प्रयत्नाला एक आजोबा उठले, नवऱ्याला म्हणाले, हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धर आणि बूड जिकडे न्यायचं तिकडेच हात ने. गाडी एका झटक्यात जागेवर. पंचवीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या रात्री त्यांच्याच टेबलावर आमची मुगाची खिचडी आणि त्यांचे सॉसेज असं एकत्र जेवण झालं. कॅरॅव्हॅनमधली माणसं अशी पटकन भेटतात आणि सकाळी आठला निघूनही जातात.

पैशांचं थोडक्यात. कॅरॅव्हॅन पार्कात वीजजोडणीची जागा रात्रीला साधारण ४० ते ६० डॉलर, गावच्या जत्रेच्या मैदानावर, म्हणजे शोग्राउंडवर, त्याच्या निम्म्यात, आणि रस्त्याकडेच्या कित्येक थांब्यांवर एक-दोन रात्री फुकट. त्यावर डिझेल. मित्राच्या घरात ह्यातलं काहीच नाही. मात्र सरपण आपण जाळलं तर आपण भरायचं, आणि ते परत येतील तेव्हा फ्रीजमध्ये दूध, ब्रेड, अंडी हवीत. खर्चाच्या बाजूने घर सरळ जिंकतं, तेव्हा पैशांवरून निर्णय करायचा असेल तर इथेच थांबा.

संडासाबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. कॅरॅव्हॅनच्या संडासाला खाली एक चाकांची पेटी असते. दोन-तीन दिवसांनी ती ओढत डंप पॉइंटला, म्हणजे मैला ओतायच्या ठरलेल्या जागी, न्यायची, ओतायची, विसळायची, निळं औषध घालून परत बसवायची. जे काम आपल्याकडे पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच कुणावर लादलं गेलं, ते एकदा स्वतःच्या हाताने करून बघायला हरकत नाही असं माझं मत आहे. पण ते सुट्टीतच करायचं का, हे ज्याने-त्याने ठरवावं.

आता राखणीचं घर. फोर्ब्सच्या त्या घरात आम्ही पाच आठवडे होतो, ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच. सकाळी गवतावर दहिवराचा पांढरा थर, दुपारी छान ऊन, आणि सप्टेंबर लागला की कुंपणापलीकडे क्षितिजापर्यंत पिवळाजर्द कॅनोला. आपल्या मोहरीचाच भाऊबंद, पण एवढा पिवळा रंग एका जागी मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

कुत्रा केल्पी जातीचा, मेंढ्यांवरून निवृत्त झालेला. पहिले तीन दिवस तो फाटकाशी बसून राहिला. खाणं त्याच्यापुढे नेऊन ठेवायचं, तो माझ्याकडे न बघता खायचा. चौथ्या दिवशी मी कपडे वाळत घालत असताना येऊन पायावर टेकून बसला. कॅरॅव्हॅनच्या सगळ्या प्रवासात ह्या तोडीचं काही घडलं असेल तर मला आठवत नाही.

कोंबड्या सात. दिवेलागणीला त्या आपापल्या खुराड्यात जातात, तुम्ही मोजायच्या आणि दार लावायचं, कारण रात्री कोल्हा येतो. दुसऱ्याच संध्याकाळी सहा भरल्या. हातात बॅटरी घेऊन आम्ही दोघं शेड, ट्रॅक्टरखाली, लाकडांच्या ढिगामागे शोधतोय, आणि बाईसाहेब लिंबाच्या झाडात फांदीवर डोळे मिटून बसलेल्या. नंतरचे सगळे दिवस संध्याकाळचं जेवण बाहेर घ्यायचं असलं तरी आधी सातचा आकडा. गावातल्या पबमध्ये साडेसहाला जेवायला बसणाऱ्या बाकीच्यांचंही तसंच काहीतरी असावं, कारण कुणी कारण विचारलं नाही.

शेतावरच्या घरात नळाचं पाणी म्हणजे छपरावरून पत्र्याच्या टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी, आणि ते नळाला येतं विजेच्या पंपाने. वीज गेली की पाणीही गेलं. हे आम्हाला कळलं तेव्हा नवऱ्याच्या अंगाला साबण होता. तेव्हापासून एक भरलेली बादली कोपऱ्यात, अगदी लहानपणच्या चाळीसारखी. टाकीत पाणी किती उरलंय हे बघायची युक्ती शेजारणीने दाखवली. दुपारच्या उन्हात पत्र्यावरून तळहात वरून खाली फिरवायचा, जिथे गार लागतं तिथपर्यंत पाणी.

स्वयंपाकात मला तरी तुलनाच नाही. कॅरॅव्हॅनच्या आत फोडणी दिली की आधी धुराचा अलार्म बोंबलतो, मग आठवडाभर उशीला हिंगाचा वास. आम्ही सगळं बाहेर, छताखाली गॅसवर करायचो, वारा असला की कुकरही रुसायचा. मित्राच्या घरात आख्खा ओटा. तिथेही खिडक्या उघडा, नाहीतर घरमालक परत येतील तेव्हा पडदे आधी तुमची ओळख सांगतील.

मग कॅरॅव्हॅन कशाला, तर काही गोष्टी रस्त्यावरच मिळतात. पार्क्स गावाच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर मेंढ्यांच्या कुरणात ६४ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण उभी आहे, १९६१ पासूनची. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर पहिल्यांदा चालला, त्याचं चित्रण जगाला दाखवण्यात तिचा मोठा वाटा. पुणेकराने तिथे जरा जास्त वेळ थांबावं. भारतीय शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप १९५३ मध्ये ऑस्ट्रेलियात रेडिओ खगोलशास्त्र शिकायला आले. सिडनीजवळच्या पॉट्स हिलच्या सहा-सहा फुटी ३२ तबकड्या पुढे भारताला भेट मिळाल्या आणि १९६५ मध्ये त्या कल्याणला उभ्या राहिल्या. नारायणगावजवळच्या खोडदची ती महाकाय दुर्बीण त्याच माणसाच्या पुढच्या वाटचालीतली. बहिणीचे यजमान खोडदला तीनदा जाऊन आलेत, त्यांना हे सांगितल्यावर त्यांचा कौल कॅरॅव्हॅनकडे झुकला. (पार्क्स फोर्ब्सपासून ३३ किलोमीटर आहे, सकाळी जाऊन कोंबड्या मोजायला परत येता येतं, हे मी हळूच जोडलं.) डबोहून कूनाबाराब्रनकडे जाताना सूर्यमालेच्या फलकांचा रस्ता लागतो. डबोला प्लूटो भेटतो, मग प्रमाणात अंतर राखून एकेक ग्रह, आणि शेवटी सायडिंग स्प्रिंग वेधशाळेचा घुमट म्हणजे सूर्य. हे मात्र गाडी चालवतच अनुभवायचं.

दोन्ही एकत्र करायचा मोह होईल. आम्ही केलं, आणि माझी खरी तक्रार तिथेच आहे. घराच्या तारखा हलत नाहीत, कारण कुणाचं तरी विमान ठरलेलं असतं. आणि कॅरॅव्हॅनला घाई चालत नाही. रविवारी दुपारपर्यंत फोर्ब्सला पोचायचं होतं. शनिवारी दुपारी वेस्ट वायलाँगच्या अलीकडे कॅरॅव्हॅनचा टायर फुटला. स्टेपनी काढली तर तिच्याही कडेला भेगा, ती घेऊन गावापर्यंत कसेबसे रांगलो. टायरवाला सोमवारी सकाळी उघडणार. शंभरेक किलोमीटरवर मित्र बॅगा भरून बसलेले. शेवटी शेजारणीने दोन दिवस कोंबड्या मोजल्या आणि आम्ही पहिल्याच भेटीत उपकाराखाली आलो. दोन्ही करायचंच तर मधे चार दिवस रिकामे सोडा. आणि घरमालकांच्या शेडमध्ये कॅरॅव्हॅनची वीज जोडता येईल असं धरून चालू नका. कॅरॅव्हॅनची पिन १५ अँपिअरची, तिची अर्थिंगची पट्टी रुंद, घरच्या १० च्या सॉकेटात ती शिरत नाही. काही लोक पट्टी कानशीने घासतात, ते करू नका. मधे ब्रेकर असलेला अडॅप्टर मिळतो, तो घ्या.

भारतातून येणाऱ्यांसाठी अजून दोन गोष्टी. टूरिस्ट व्हिसावर काम करता येत नाही, आणि इथल्या नियमांत काम म्हणजे ज्याचे एरवी पैसे मिळतात अशी गोष्ट, तुम्ही घ्या वा न घ्या. ओळखीच्यांकडे पाहुणे म्हणून राहून त्यांच्या कुत्र्याला खाऊ घालणं वेगळं. वेबसाइटवरून अनोळखी माणसाचं घर आणि चाळीस मेंढ्या पत्करणं मी त्या व्हिसावर करणार नाही. मनात शंका असली तर आधी विचारून घ्या. दुसरं, पुण्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना आणा, आणि मित्रांची गाडी वापरणार असाल तर त्यांच्या विमा कंपनीला आधी कळवायला सांगा.

साठीतल्या, कधीच काही न ओढलेल्या जोडप्याने ओढायची कॅरॅव्हॅन भाड्याने घेऊच नये, असं मी तिला स्पष्ट लिहिलं. हिंडायचंच तर मोटरहोम, म्हणजे घर आणि इंजिन एकाच गाडीत असलेली, घ्या, तिची मागची बाजू निदान स्टिअरिंगचं ऐकते. तुम्ही मेलबर्न-सिडनीला राहणारे असाल, हातात वर्ष असेल आणि दोघांपैकी एकाला पाना-पक्कड हातात घ्यायची हौस असेल, तर गोष्ट वेगळी. मग जुनी कॅरॅव्हॅन घ्या, फक्त टायर बाहेरून कितीही नवे दिसले तरी त्यांच्यावरची तारीख वाचा.

बहिणीसाठी मी सुचवलंय ते असं: चार आठवडे फोर्ब्स, मग सिडनीला परतून दहा दिवस मोटरहोम, तेही सप्टेंबरअखेरच्या शाळांच्या सुट्ट्या लागायच्या आत, कारण नंतर पार्कांत जागा मिळत नाही. काल रात्री तिचं उत्तर आलं. कोंबड्या तिच्याकडे, पेटी यजमानांकडे, असं त्यांचं ठरलंय.