‘स्वान लेक’ की ‘डी-मॅन’?

मैत्रीण अडलीय: कृष्णवर्णीय, क्वीअर (समलिंगी वगैरे) कलाकारांचं नृत्य पहिल्यांदाच बघायचं, तर दादा मसिलोंचं ‘स्वान लेक’ (२०१०) की अमेरिकन नृत्यदिग्दर्शक बिल टी. जोन्सचं ‘डी-मॅन इन द वॉटर्स’ (१९८९)?

गोष्ट हवी तर मसिलो. (नाव दादा, पण बाई बरं का, दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोच्या.) जुन्या प्रसिद्ध बॅलेची ही नवी मांडणी: राजपुत्राचं लग्न ओडेटशी ठरवलंय, जीव जडलाय ओडिलवर, आणि ओडिल पुरुष! पुरुषही टूटू (बॅलेतला फुललेला झगा) घालून अनवाणी नाचतात. आधी काही वाचायला नको.

जोन्समध्ये कथानक नाही. मेंडेल्सझोनचं संगीत, आणि पाण्यात सूर मारावा तसे जमिनीवर झोकून देणारे नर्तक. जोन्सचे जोडीदार आर्नी झेन १९८८ मध्ये एड्सने गेले. ‘डी-मॅन’ म्हणजे त्याच आजाराशी झुंजणारा नर्तक डेमियन. हे ठाऊक नसेल तर निम्मं निसटतं.

नवख्याला मसिलो. जवळचं कुणी गमावलं असेल, तर जोन्स.