मधल्या घरातला पाच

माझे 33,500 रुपये गेले. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि पैसे गेले ते गणितातच, म्हणून हे लिहायला घेतलं. नाहीतर आपली फजिती चव्हाट्यावर मांडायची हौस कोणाला असते?

गेल्या उन्हाळ्यात हिची केमो चालू होती. स्तनाचा कर्करोग, दर एकवीस दिवसांनी डोस. दुसऱ्या डोसला ही आत गेली आणि मी बाहेर टपरीवर येऊन बसलो. नागपूरचा मे महिना, हातात तर्री पोह्यांची प्लेट, घास काही उतरेना. शेजारी एक चाळिशीचा माणूस होता, हातात हॉस्पिटलची निळी फाईल. "वहिनींचा कितवा डोस, काका?" त्यानेच विषय काढला. मग आपल्या बहिणीची कहाणी सांगितली. डोळ्यांत पाणी आणून सांगितली. अर्ध्या तासात मीही सगळं ओकून मोकळा झालो: कोणती स्टेज, कोणती बाजू, मुलगी पुण्याला नोकरीला. "घर स्वतःचंच असेल ना?" हेही त्याने विचारलं. बहिणीच्या दुखण्यात माझ्या घराचा काय संबंध, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

निघताना त्याने एक पत्रक हातात ठेवलं. 'कर्करोगाच्या उपचारात रक्षाकवच. जन्मतारखेनुसार खास आपल्यासाठी रेखाटलेले.'

दोन दिवसांनी मी धरमपेठेतल्या एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर होतो. एसी ऑफिस, उदबत्तीचा वास, आणि तिशीतला एक मुलगा, समोर टॅब. मी तोंड उघडण्याआधी तो म्हणाला, "पेशंट बाईमाणूस आहे. डावी बाजू. लेक दूर आहे." मला घाम फुटला. आज कळतं की ही सगळी विद्या टपरीवरच्या बाकावरून आली होती. मग तो म्हणाला, "दहाव्या दिवसाच्या आसपास सांभाळा. रक्तावर घाला पडेल." नेमक्या दहाव्या दिवशी रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी घसरलेल्या. माझा विश्वास पक्का झाला. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत या पेशी बहुतेकांच्या खाली जातात. हॉस्पिटलने दिलेल्या मराठी माहितीपत्रकात तसं छापलेलं होतं, आणि ते पत्रक आमच्याच फ्रिजवर चिकटवलेलं होतं.

आता यंत्राचं. त्याने टॅबवर बोटाने नऊ घरं आखली आणि डोळे मिटून एकेक अंक भरला. वर 8, 1, 6. मधे 3, 5, 7. खाली 4, 9, 2. आडवी, उभी, तिरपी, कशीही बेरीज करा, 15. "बघा काका, वहिनींचा जन्म 14 चा. एक आणि चार पाच. मधल्या घरात पाच आपोआप आला."

हा चौरस मी पोरांना दरवर्षी फळ्यावर करायला लावायचो. एक ते नऊ हे अंक वापरून तो एकच बनतो. फिरवून किंवा आरशात उलटवून त्याची आठ रूपं होतात, नववं नाही. आणि मधे पाचच येतो, दुसरा अंक बसतच नाही. पेशंट कोणीही असो, जन्म कधीचाही असो. हे मला झोपेतसुद्धा सिद्ध करून दाखवता आलं असतं. तरी मी मान डोलावली. माहीत नव्हतं असं नाही. पण त्या खोलीत मी मास्तर म्हणून गेलोच नव्हतो, बायको मरेल या भीतीने गेलो होतो. ती भीती घरी ठेवून जाता आली असती, तर मी जिना चढलोच नसतो.

रेखाटनाचे 1,500 झाले. तांब्याच्या पत्र्यावर कोरून घ्यायचे 11,000. 'सिद्धी'चे 21,000. सगळं रोख, पावती नाही. पत्रा रात्रभर पाण्यात ठेवायचा आणि सकाळी ते पाणी पेशंटला पाजायचं. पांढऱ्या पेशी कमी असताना असलं साठवलेलं, न उकळलेलं पाणी पाजणं म्हणजे जंतूंना घरी जेवायला बोलावणं. त्या काळात 100.4 च्या वर ताप गेला की थेट हॉस्पिटल गाठा, असं आम्हाला बजावलेलं होतं. तेही फ्रिजवरच लिहिलं होतं.

पुढे ऑपरेशन झालं आणि शेक सुरू व्हायचे होते. रेडिएशनला वॉर्डात सगळे शेकच म्हणतात. पंधरा शेक ठरले. "पंधराचं यंत्र, पंधरा शेक!" तो फोनवर म्हणाला, आणि खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. आता अष्टगंधाने छातीवर चिन्ह काढायचं आणि चौतीस बेरजेचं मोठं यंत्र घ्यायचं, 51,000 चं. ते म्हणे त्याला स्वप्नात दिसलं. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात ते कधीचं कोरलेलं आहे.

पैसे जमवत होतो. तोवर हिच्या छातीवर चिन्ह तेवढं काढून गेलो, हिच्या गळ्यात पत्रा होताच. शेकाच्या आधी मापं घेतात, कातडीवर खुणा करतात. तिथल्या ताईंनी अष्टगंध बघितलं आणि आवाजच चढवला, "हे कोणी काढलं? इथे आमच्या खुणांशिवाय काही नको. लेप नको, धातू नको." त्यांनी पत्रा काढायला लावला. बाहेर आलो तर बाकावर काटोलकडची एक बाई बसलेली, गळ्यात तसाच पत्रा. मी वाचला. 8, 1, 6. आठ रूपांतलं दुसरं काढायचेही कष्ट त्याने घेतले नव्हते.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "ते पाणी मी दुसऱ्या आठवड्यापासून कढीपत्त्याला घालून राहिले. तुम्ही सकाळी पेला घेऊन उभे राहायचे, म्हणून बोलले नाही." ही टेकडीच्या गणपतीला जाते, अजूनही जाते. तिथे तिला कोणी रिपोर्टचा फोटो मागत नाही.

तक्रारीचं थोडक्यात सांगतो. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या एका कार्यकर्त्याने नीट समजावलं. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे, पण प्रत्येक गंडादोरा त्यात बसत नाही. माझ्या कामाचा निघाला तो 1954 चा, औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या जाहिरातींवरचा कायदा. रोग बरा करण्यासाठी ताईत, मंत्र, कवच यांची जाहिरात करायलाच त्यात बंदी आहे, आणि रोगांच्या यादीत कर्करोग आहे. म्हणजे पुरावा ते पत्रक. सुदैवाने मी ते रिपोर्टच्या फाईलीत ठेवलं होतं. त्या यंत्रवाल्याचे मेसेज मात्र एका रात्रीत दोन्हीकडून गायब झाले. तुमच्यावर अशी वेळ आली तर स्क्रीनशॉट आधी काढा, भांडण मग करा. अर्ज दिलाय. पैसे परत आलेले नाहीत. तांब्याचा पत्रा इतवारीत मोडीत घातला, चाळीस ग्रॅम भरला, तीस रुपये आले.

मागच्या सोमवारी हिच्या तपासणीला गेलो तर तो माणूस त्याच टपरीवर, हातात तीच निळी फाईल. शेजारी एक तरुण पोरगा, पोहे तसेच पडलेले. मी जाऊन दोघांच्या मधे बसलो आणि फाईल उघडली. आत एकही कागद नव्हता. मी पोराला म्हटलं, "या भाऊंना आधी त्यांच्या पेशंटचं नाव विचार बापा."