कन्सल्टंटला द्यायचे 4,500 डॉलर

4,937 डॉलर आणि 80 सेंट. एका खोट्या क्लायंटने मला एवढ्याला फसवलं. आकडा मुद्दाम पुरता लिहितेय. गेले चार महिने जो भेटेल तो ‘साधारण किती गेले?’ विचारतो आणि मी ‘असतील चार-साडेचार हजार’ असं पुटपुटून विषय बदलते. साधारण काही गेलेलं नाही. मोजून गेलेत, आणि त्यातले बहुतेक मी स्वतः पासवर्ड टाकून पाठवलेत.

मी वेबसाइट बनवते. दहा वर्षं नोकरीत हेच केलं आणि गेल्या वर्षी नोकरी सोडली. लॅपटॉप उघडेन तिथं माझं ऑफिस, क्लायंट कुठलाही असो, मी कुठेही असो, एवढंच ठरवलं होतं. या वाटेवर असलेल्यांना मधले कोरडे आठवडे काय असतात ते माहीत आहे. तो मेल आला तेव्हा माझ्याकडे 23 दिवस एकही नवं काम आलेलं नव्हतं. याला सबब म्हणायचं तर म्हणा. पण असे मेल भरल्या पोटाच्या माणसाला सापळा वाटतात आणि 23 दिवस वाट पाहणाऱ्याला सुटका वाटतात, हे मला आता पक्कं कळलंय.

मेल असा होता: लाकडी खेळण्यांची निर्यात करतो, फक्त माहिती देणारी साइट हवी, सात पानं, ऑनलाइन विक्री नको. नमुना म्हणून दुसऱ्या एका साइटची लिंक. बजेट 2,000 ते 5,000 डॉलर. मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने दहा प्रश्न पाठवले. माल कोण घेतं, फोटो आहेत का, भाषा किती, डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कुणाच्या नावावर. उत्तरात यातल्या एकाचंही उत्तर नव्हतं. उलट दोन प्रश्न होते: धंदा तुमचा स्वतःचा आहे का? आणि तुम्ही क्रेडिट कार्डाने पैसे घेता का?

इथे. इथेच मी थांबायला हवं होतं. ज्याला स्वतःच्या दुकानाची पाटी रंगवून घ्यायची आहे तो आधी रंग विचारतो, अक्षर विचारतो, कधी देणार ते विचारतो. या माणसाला पाटीत काडीचाही रस नव्हता. माझ्याकडे कार्ड चालतं का आणि पैशाचा निर्णय मी एकटी घेते का, एवढंच त्याला हवं होतं. तो मेल मी नंतर शंभर वेळा तरी वाचला असेन, आणि प्रत्येक वेळी ते दोन प्रश्न मला ठसठशीत दिसतात. त्या दिवशी मला काय दिसलं? ‘पैसे द्यायला तयार असलेला क्लायंट’. घेते म्हणाले.

मी फोनवर बोलू म्हटलं. तो म्हणाला, घशाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय, मेलवरच करू. आजारी माणसाला ‘नाही, बोलाच’ कसं म्हणायचं? मला ते म्हणता आलं नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. लाज वाटते ती याची की व्हिडिओवर नुसता चेहरा दाखवून लिहून बोलता आलं असतं, ते मला सुचलं नाही. जो माणूस कुठल्याही कारणाने एकदाही समोर यायला तयार नाही, त्याच्यासाठी पैशाची कुठलीही हलवाहलव करू नका.

मी 2,400 चं कोटेशन दिलं: 1,400 ॲडव्हान्स, 1,000 काम संपल्यावर. त्याने एक डॉलरही कमी करायला सांगितलं नाही. करार पाठवला तर अर्ध्या तासात सही करून परत. हे मी जीव तोडून सांगतेय, कारण पुढे प्रत्येकाने मला हेच विचारलं, ‘करार वगैरे काही केला नव्हतास का?’ केला होता! चार पानी केला होता! खोट्या नावाच्या माणसाची सही असलेला करार कुणावर लावायचा?

आणि मग कन्सल्टंट आला. तुमच्यातल्या अनेकांना इथूनची गोष्ट पाठ असेल. क्लायंटने लिहिलं: साइटचा मजकूर, लोगो, फोटो सगळं एका प्रोजेक्ट कन्सल्टंटकडे आहे, त्याचे 4,500 डॉलर द्यायचेत, त्याच्याकडे कार्ड घ्यायची सोय नाही, मी अजून दवाखान्यात. तर तुम्ही माझ्याकडून कार्डावर एकूण 6,100 घ्या. 1,400 तुमचा ॲडव्हान्स, 200 तुमच्या त्रासाचे आणि 4,500 त्याला बँकेतून पाठवा. पैसे पोचले की तो मजकूर देईल.

मला विचित्र वाटलं होतं. मी खोटं सांगणार नाही, वाटलं होतं. पण 200 डॉलर जास्तीचे मिळत होते आणि मी मनाची समजूत घातली की पैसे आधी माझ्या खात्यात येणार, मग मी पाठवणार, म्हणजे माझं काय जाणार? सगळी फसवणूक या एका वाक्यावर उभी आहे. कार्डाचे पैसे खात्यात दिसले म्हणजे ते आपले झाले, असं होत नाही. कार्डाचा खरा मालक ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ असं त्याच्या बँकेला साधारण 120 दिवसांपर्यंत सांगू शकतो. पेपॅल या ऑनलाइन पेमेंट सेवेवर खरेदीदाराला तक्रारीसाठी 180 दिवस असतात. मी बँकेतून पाठवलेले पैसे मात्र समोरच्याने एकदा काढले की संपलं. येणारे पैसे कच्चे आणि जाणारे पक्के. ही तफावतच चोरांचा धंदा आहे. म्हणून क्लायंटच्या पैशातून तिसऱ्याला पैसे देऊ नका. कन्सल्टंट असो, छापखाना असो, भाषांतरकार असो, त्याचं बिल क्लायंटने भरावं. याला अपवाद करू नका.

मी पेमेंट लिंक पाठवली. 6,100 चं पेमेंट नाकारलं गेलं. तो म्हणाला, मर्यादा असेल, तीन भाग करा. 2,100, मग 2,000, मग पुन्हा 2,000. तिन्ही पावत्यांवर कार्डाचे शेवटचे चार आकडे वेगवेगळे. मी ते बघितले होते. एक्सेलमध्ये लिहूनसुद्धा ठेवले, हिशोब नीट राहावा म्हणून! कंपनीची तीन कार्डं असतील, असं स्वतःला सांगून पुढे गेले. कार्डाच्या मालकाकडून कोड मागवून खात्री करण्याची जी सोय असते, ती माझ्या लिंकवर सक्तीची नव्हती. ती असती तर त्याचं तिथेच अडलं असतं, आणि चुकून व्यवहार पार पडलाच असता तर चोरीच्या कार्डाची जबाबदारी बहुतेक वेळा कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते, आपल्यावर राहत नाही. तुमच्या पेमेंट सेवेच्या सेटिंगमध्ये आज जाऊन बघा. हे वाचून संपायच्या आधी गेलात तरी चालेल.

कमिशन 177 डॉलर 80 सेंट कापून 5,922 डॉलर 20 सेंट दोन दिवसांनी माझ्या बँकेत आले. त्याच दुपारी मी कन्सल्टंटला 4,500 पाठवले. बँकेचं शुल्क 35.

कन्सल्टंटचा मेल आला, ‘पैसे मिळाले , धन्यवाद , मजकूर जोडला आहे’. स्वल्पविरामाच्या आधी मोकळी जागा, प्रत्येक ठिकाणी. क्लायंटच्या प्रत्येक मेलमध्ये तशीच होती. मी दिवसभर अक्षरांमधलं अंतर मोजणारी बाई आहे, एक पिक्सेल सरकलेला असला तर मला खटकतो. ती जागाही खटकली होती. दोघांना टाइप करायची सवयच तशी असेल म्हणून सोडून दिलं. तो एकच माणूस होता. पैसे गेल्यावर हे लक्षात येऊन काय उपयोग?

त्यानंतर मी 41 तास काम केलं. 59 डॉलरची थीम, म्हणजे साइटचा तयार साचा घेतला, 96 डॉलरचं वर्षाचं होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची जागा घेतली. लोगोच्या तीन फाइली होत्या, तिन्ही अंधुक. चांगल्या प्रतीच्या मागितल्या तर उत्तर नाही. 26 व्या दिवशी सकाळी पेमेंट कंपनीचे दोन मेल: चार्जबॅक, म्हणजे कार्डाच्या मालकाच्या तक्रारीवरून पैसे परत ओढणं. अकरा दिवसांनी तिसरा. 6,100 च्या 6,100 परत ओढून घेतले, वर प्रत्येक वादाचे 15 प्रमाणे 45 डॉलर. आधी कापलेलं कमिशन परत नाही.

मी पुराव्याची फाइल दिली. करार, 64 मेल, बनवलेल्या पानांचे स्क्रीनशॉट. उत्तर आलं की कार्डधारकाने हा व्यवहार केलेलाच नाही, त्यामुळे काम पोचवल्याचा पुरावा गैरलागू. त्यांचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे, ज्याचं कार्ड चोरलं त्याचा काय दोष? पण मग माझं खातंही ‘जोखमीचं’ म्हणून बंद केलं आणि त्यात दुसऱ्या, खऱ्याखुऱ्या क्लायंटचे 860 डॉलर होते ते 180 दिवसांसाठी अडकवून ठेवले. चोर सापडला नाही म्हणून ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच कुलूप! बोलायला माणूस द्या म्हणून मी अकरा वेळा लिहिलं. अकराही वेळा तेच उत्तर, खाली वेगळं नाव.

बँकेत गेले. काउंटरवरच्याने विचारलं, ‘ओटीपी तुम्हीच टाकला ना?’ हो. ‘मग हा फ्रॉड नाही, तुम्ही मंजूर केलेला व्यवहार आहे.’ अहो, पण कशाच्या आधारावर मंजूर केला? ते त्यांच्या फॉर्ममध्ये बसत नाही. पैसे परत मागवण्याचा अर्ज घेतला, त्याचे 25 डॉलर घेतले, आणि ते घेतल्यावर सांगितलं की समोरच्या खातेदाराने संमती दिली तरच पैसे येतील. चोराची संमती! हे आधी सांगितलं असतं तर ते 25 तरी वाचले असते. पैसे पाठवल्याच्या दिवशी, तासाभरात बोंब मारली तरच तिथे काही हाती लागण्याची शक्यता असते. मी गेले 27 व्या दिवशी. मला कळलंच 26 व्या दिवशी.

आणि पोलीस. मी तेव्हा राहत होते तिथल्या चौकीत गेले. ते म्हणाले, तुमचा कायमचा पत्ता इथला नाही, तिकडे जा. तिकडे फोन केला तर म्हणे, घटना घडली तेव्हा तुम्ही जिथे होतात तिथे तक्रार द्या. पैसे पाठवले तेव्हा मी तिसऱ्याच गावी होते. तिथले म्हणाले, खातं कुठल्या शाखेचं? शाखेच्या हद्दीतल्यांनी विचारलं, आरोपी कुठे आहे? अहो, ते मला माहीत असतं तर मी तुमच्याकडे कशाला आले असते! शेवटी ऑनलाइन तक्रार भरली, तिचा क्रमांक मिळाला, आणि स्थिती आजही ‘प्रक्रियेत’. एका अधिकाऱ्याने तर तोंडावर विचारलं, ‘शिकलेल्या ना तुम्ही? कळलं नाही?’ तो प्रश्न मी रोज रात्री स्वतःला विचारते, त्यांनी विचारायची गरज नव्हती. त्यांचं काम तक्रार लिहून घेणं होतं.

कुठूनही काम करता येतं याचं मला फार अप्रूप होतं. पण त्याची ही दुसरी बाजू कुणी सांगत नाही. आपण कुठल्याच ठिकाणचे नसलो की आपली तक्रारही कुठल्याच ठिकाणची नसते. ऑफिसात असताना क्लायंटची खात्री करायला वेगळा माणूस होता, हिशोबाला वेगळा, वकील वेगळा. आता तिन्ही मीच आहे, हे मी नोकरी सोडताना धरलंच नव्हतं. निदान एक पत्ता कागदोपत्री पक्का ठेवा. व्यवसायाची नोंदणी, बँक खातं आणि तुमची ओळखपत्रं एकाच पत्त्यावर असू द्या, फिरा कुठेही.

त्याचं डोमेन मी नंतर तपासलं. डोमेनची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या लुकअपवर नोंदणीची तारीख कुणालाही फुकट दिसते, दोन मिनिटांचं काम. मला पहिला मेल आला त्याच्या 19 दिवस आधी ते घेतलेलं होतं. ‘14 वर्षांची निर्यात कंपनी’ म्हणवणाऱ्याचं. नमुना म्हणून पाठवलेली साइट दुसऱ्याच कुणाची होती, त्या बिचाऱ्यांना मी मेल करून कळवलं.

‘अपवर्कसारख्या फ्रीलान्स कामाच्या साइटवर का नाही घेतलंस काम?’ असंही विचारून झालंय लोकांचं. खरं आहे. तिथे ठरलेल्या रकमेच्या कामाचे पैसे आधी एस्क्रोमध्ये, म्हणजे काम होईपर्यंत मध्यस्थाकडे अडकतात. पण थेट आलेल्या क्लायंटला तिकडे वळवायचं धैर्य 23 दिवसांनंतर होत नाही. आता मी पहिलं काम तिथेच घेते किंवा थेट बँक ट्रान्सफरने. जास्तीचे पैसे आले तर काम थांबवते आणि ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने, त्याच कार्डावर रिफंड करते. दुसऱ्या खात्यावर कधीच नाही.

गेल्या मंगळवारी पुन्हा मेल आला. नाव वेगळं, धंदा हातमागाच्या गालिच्यांचा, पानं सातच. आणि ‘नमस्कार , मला एक साइट हवी आहे , बजेट 2,000 ते 5,000’. स्वल्पविरामाआधी मोकळी जागा. मी तो ओळखीच्या सहा डिझायनरांना पाठवला. त्यातल्या एकीचा पाच मिनिटांत फोन आला. तिला तो आठवड्यापूर्वीच आला होता. कन्सल्टंटपर्यंत गोष्ट पोचली होती, आणि तिच्या खात्यात आदल्या संध्याकाळी 5,300 जमा झाले होते. पाठवलेस का, मी विचारलं. ‘आत्ता बँकेचं ॲप उघडूनच बसले होते,’ ती म्हणाली. मी तिला फोन चालू ठेवूनच ते बंद करायला लावलं.