लांब सुट्टी की कामातच बदल?

कामाने पार पिचून गेलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो सुट्टीचा. सल्ला वाईट नाही. सुट्टीत झोप भरून निघते, चिडचिड कमी होते, डोकं हलकं होतं. पण कामावर परतल्यावर तोच ढीग, तेच तास आणि तोच वरिष्ठ समोर असेल, तर हा आराम बहुतेक वेळा काही आठवड्यांतच ओसरतो.

कामाचे तास आणि बोजा कमी करणं अवघड असतं, त्यासाठी वरिष्ठांशी बोलावं लागतं. तरीही माझा कल तिकडेच आहे, कारण शरीराचं नुकसान रोजच्या रोज होत असतं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2021 मध्ये मांडलेला अंदाज असा: आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा 55 किंवा त्याहून जास्त तास राबणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्के अधिक. हे वर्षातून एकदा केलेल्या विश्रांतीने कसं भरून निघणार?

आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातही बर्नआउटची, म्हणजे कामाने असं पिचून जाण्याची, नोंद आजार म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून आहे. थकवा, कामाबद्दल तुटलेपण आणि आपल्याकडून काही होत नाही ही भावना, ही त्याची तीन लक्षणं.

मात्र झोपच उडाली असेल, छातीत दुखत असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर आधी डॉक्टर. मग सुट्टी. वरिष्ठांशी बोलणं त्यानंतर.