दोन नावे, एकच व्यक्ती : सिव्हिल लाइन्समधील एका सेवा केंद्राविषयी

नागपुरात सिव्हिल लाइन्स भागात प्रतिज्ञापत्रे, दाखल्यांचे अर्ज आणि राजपत्रातील नावबदलाची कामे करून देणारी बरीच लहान केंद्रे आहेत. त्यांपैकी एका केंद्रातून अलीकडेच आईच्या नावाचे काम करून घेतले. अशी कामे सर्वत्र होत असल्यामुळे केंद्राच्या पाटीपेक्षा तेथील कामाची पद्धत सांगणे अधिक उपयोगाचे वाटते.

काम वरवर साधे होते. काटोल तालुक्यातील आजोबांच्या संत्र्याच्या बागेवर वारसांची नोंद करायची होती. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच असल्यामुळे मामांसोबत आईचेही नाव सातबाऱ्यावर चढायला हवे होते. पण वारसांच्या यादीत आणि शाळेच्या दाखल्यावर ती ‘कुसुम’, तर आधार, बँक आणि रेशनकार्डावर ‘सुनंदा’. हे दुसरे नाव लग्नात माझ्या वडिलांनी ताटातील तांदळांवर अंगठीने लिहिले होते. लग्नानंतर स्त्रीने नाव बदललेच पाहिजे असे कोणताही कायदा सांगत नाही, पण त्या पिढीत हे कुणाला विचारले जात नव्हते. आधी गेलो त्या ठिकाणी कागद पाहताच ‘गॅझेट करून टाका’, म्हणजे राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्या, असा सल्ला मिळाला होता.

या केंद्राचे वेगळेपण येथूनच सुरू होते. संगणकावर बसलेल्या तरुणाने अर्ज उघडण्यापूर्वी आईला विचारले, “काकू, माहेरी गेल्यावर तुम्हाले कोणत्या नावानं बोलावतात?” आई म्हणाली, “कुसुमच. भाऊ तर अजून कुसाबाई म्हणतो.” त्याने राजपत्राचा अर्ज बाजूला सारला. राजपत्रातील जाहिरातीत एक जुने नाव असते आणि एक नवे. तुम्हाला त्यांपैकी कोणते टाकायचे आहे, असे त्याने सरळ विचारले. आईने एकही टाकायचे नसल्याचे सांगितल्यावर त्याने दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र तयार केले. त्यात माहेरचे पूर्ण नाव वडिलांच्या नावासह आणि सासरचे पूर्ण नाव पतीच्या नावासह, कोणत्या कागदावर कोणते नाव आहे या तपशिलाने, एकाखाली एक लिहिले होते. चाळीस वर्षे सुनंदा म्हणून संसार केलेल्या बाईने वडिलांच्या जमिनीवर कुसुम म्हणूनच उभे राहावे, यात विसंगत असे काही नाही, हे त्या मसुद्याने मान्य केले. माझ्या मते या केंद्राची खरी सेवा टंकलेखनात नसून या एका प्रश्नात आहे.

याचा अर्थ राजपत्राचा मार्ग निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. याच शहरात 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्यानंतर घराघरांत सिद्धार्थ, गौतम, सुजाता, यशोधरा ही नावे आली. ज्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या जात सांगितली आणि अपमान सोसायला लावला, ते नाव मागे टाकणे हाच जेथे हेतू असतो, तेथे ‘जुने’ आणि ‘नवे’ हा भेद स्वच्छपणे छापून येणेच योग्य आहे. एखाद्या माणसाची दोन नावे ही एकमेकांची जागा घेणारी आहेत की शेजारी शेजारी राहणारी आहेत, हे त्यालाच विचारून ठरवावे लागते. बहुतेक ठिकाणी ते विचारले जात नाही.

रांगेत बसल्या बसल्या आणखी एक गंमत लक्षात आली. आमच्यापुढील गृहस्थांकडे दोन पदव्या होत्या : एकीवर ‘नागपूर विद्यापीठ’, तर दुसरीवर ‘राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ’. 1923 साली स्थापन झालेल्या विद्यापीठाने 2005 मध्ये नाव बदलले, तरी दोन्ही पदव्या एकाच संस्थेच्या आहेत याचे प्रतिज्ञापत्र त्या गृहस्थांकडे कुणी मागितले नव्हते. मागितले होते ते त्यांच्या स्वतःच्या नावासाठी, कारण एका पदवीवर ‘नामदेव’च्या इंग्रजी स्पेलिंगचा शेवट आपल्या जुन्या वैदर्भीय रीतीप्रमाणे ‘ईओ’ असा होता आणि दुसरीवर ‘ईव्ही’ असा. ज्यांचे नाव विद्यापीठाला दिले, त्या तुकडोजी महाराजांचे जन्मनाव माणिक होते आणि ‘तुकड्या’ हे नाव त्यांना गुरू आडकोजी महाराजांकडून मिळाले, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

आता उणिवा. केंद्राच्या छापील माहितीपत्रकात ‘वडिलांचे / पतीचे नाव’ असा एकच रकाना आहे आणि माहेर व सासर दोन्ही लिहायचे असलेल्या स्त्रीला तेथे दाटीवाटीने लिहावे लागते. आईच्या नावाला तर रकानाच नाही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम राज्य शासनाने ठरवलेला असताना हे माहितीपत्रक बदलायला हवे होते. दुसरी तक्रार पैशांची आहे. शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ असूनही ‘साहेब लोक मागतात’ असे सांगून मुद्रांक घ्यायला लावण्याचा प्रयत्न झाला. ठामपणे नकार दिल्यावर काम साध्या कागदावर झाले आणि तलाठ्याने ते स्वीकारलेही. मसुदा, छपाई आणि नोटरी यांचे मिळून 350 रुपये घेतले. पावती मात्र मागून घ्यावी लागली.

बसायला दोनच खुर्च्या आहेत. वयस्कर माणूस सोबत असेल तर सकाळी केंद्र उघडताच जावे. माहेर-सासरच्या नावांचा, टोपणनावाचा किंवा स्पेलिंगचा प्रश्न असेल तर हे केंद्र मी निःसंकोच सुचवीन. ज्यांना राजपत्रातच नाव बदलायचे आहे, त्यांना शासकीय मुद्रण संचालनालयाच्या संकेतस्थळावर अर्ज घरूनही भरता येतो. अर्ज कुठेही भरला, तरी पाठवण्यापूर्वी मराठी आणि इंग्रजी अक्षरे स्वतः मोठ्याने वाचून पाहावीत. आमच्या पहिल्या प्रतीत ‘कुसुम’चे ‘कुसम’ झाले होते आणि ते आईनेच पकडले.