सोलापुरात सेझॉन: आठ महिने, 22 बाटल्या आणि हिरव्या काचेचा घोळ

गेल्या आठवड्यात उघडलेल्या सेझॉनच्या, म्हणजे बेल्जियमच्या फिकट, गोडवा न उरलेल्या कोरड्या फार्महाउस बिअरच्या, 750 मिलिच्या एका हिरव्या बाटलीमुळे हे लिहायला घेतलं. किंमत बाराशे रुपये. बुचावरची तार जागेवर, तळाशी यीस्टचा पातळ थर, तारीख संपायला वर्षभर बाकी. ग्लासात ओतली आणि फेसातूनच जळक्या रबराचा, ओल्या गांजाच्या पाल्याचा वास आला. सेझॉनला हवा तो मिऱ्याचा, संत्र्याच्या सालीचा वास नाही. सगळी बाटली मोरीत ओतावी लागली. दुकानदाराचं म्हणणं होतं, "बेल्जियमच्या बिअरला असाच वास असतो, साहेब." नसतो. हा वास सेझॉनचा नाही, कुठल्याच चांगल्या बिअरचा नाही. तो उजेडाचा वास आहे. आणि बाराशे रुपये घेऊन हे उत्तर ऐकून घ्यायचं कारण नाही.

ब्रँडची नावं मुद्दाम देत नाही. बाटली कारखान्यातून चांगलीच निघते, ती बिघडते प्रवासात आणि दुकानाच्या फळीवर. आणि हे सगळं चाखण्याबद्दल आहे, बनवण्याबद्दल नाही. घरी बिअर गाळणं महाराष्ट्रात परवान्याशिवाय बेकायदा आहे, त्यामुळे तो विषय इथे नाही.

पहिले चार महिने दोष उन्हाळ्याला दिला होता. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे 42-43 अंश, पुण्याहून अडीचशे किलोमीटरचा हायवे, गाडीची डिकी तापलेली. बाटली खराब निघाली की "उष्णता लागली" हे ठरलेलंच. त्यासाठी थर्माकोलचा बॉक्स आणला, बर्फाच्या पिशव्या आणल्या, तरी हिरव्या बाटल्या अधूनमधून तशाच निघत राहिल्या. मग एकाच बिअरच्या दोन तपकिरी बाटल्या घेतल्या, 330 मिलिच्या. एक फ्रिजमध्ये, दुसरी एप्रिल-मे दोन महिने बंद लाकडी कपाटात. कपाटात थर्मामीटर 33 ते 36 दाखवत होता. जूनमध्ये दोन्ही फ्रिजमध्ये दोन दिवस उभ्या ठेवून त्रिकोणी चाचणी केली: तीन ग्लास, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी, वेगळी कोणती ते ओळखायचं. प्रत्येक ग्लासात 30 मिलि, एकूण सहा फेऱ्या, म्हणजे 540 मिलि. दोन लहान बाटल्यांत बरोबर बसतं. सहांपैकी चार वेळा ओळखता आलं. नुसत्या अंदाजाने सहांत दोन बरोबर येतात, आणि फरक खरा मानायला सहांत किमान पाच हवेत. म्हणजे चार म्हणजे काही सिद्ध झालं नाही.

उष्णता निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. दर 10 अंशाला बिअर शिळी होण्याचा वेग दोन-तीन पट होतो, आधी फळाचा वास जातो, मग मधासारखा गोडसर आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. पण हे महिन्यांचं काम आहे. शिवाय सेझॉन बाटलीत पुन्हा आंबवलेली असते, आतलं जिवंत यीस्ट उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकतं, म्हणून ती साध्या लागर बिअरपेक्षा जास्त तग धरते. उजेडाचं काम मात्र मिनिटांचं आहे. त्यामुळे या चाचणीनंतर मत बदललं: थर्माकोलचा बॉक्स चांगलाच, पण आधी झाकण हवं.

कारण असं. हॉप्समुळे, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडवट फुलांमुळे, आयसो-अल्फा आम्लं येतात, तीच कडवटपणा देतात. मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि यीस्टमुळे रायबोफ्लेविन, म्हणजे ब-2 जीवनसत्त्व, येतं. साधारण 350 ते 500 नॅनोमीटरचा उजेड रायबोफ्लेविन शोषतं आणि ती ऊर्जा त्या आम्लांवर काढतं. आम्लाचा तुटलेला तुकडा बिअरमधल्या गंधकाला चिकटला की थायॉल, म्हणजे त्या जळक्या रबराच्या वासाचं गंधकी संयुग, तयार होतं. त्याला इतका उग्र वास असतो की लिटरमागे काही नॅनोग्रॅमसुद्धा नाकाला पुरतात. तपकिरी काच 500 नॅनोमीटरखालचा बहुतेक उजेड अडवते. हिरवी फारसा अडवत नाही. पांढरी, म्हणजे बिनरंगी, तर काहीच नाही. कॅनमध्ये प्रश्नच येत नाही. तरी काही बेल्जियन बिअर कारखाने परंपरा म्हणून सेझॉन हिरव्या काचेत भरतात, आणि नेमकी हीच शैली फिकट, कोरडी, कॅरॅमल मॉल्टचा गोडवा नसलेली. काळ्या स्टाउट बिअरमध्ये थोडाफार वास मॉल्टच्या मागे दडतो, इथे दडायला जागाच नाही.

पटत नसेल तर घरी करून बघा, खर्च एका साध्या बिअरचा. एकाच बाटलीतली बिअर दोन सारख्या ग्लासांत 100-100 मिलि ओता. एक ग्लास अॅल्युमिनियम फॉइलने वरपासून खालपर्यंत गुंडाळा, दुसरा उघडा. दोन्ही गच्चीवर दुपारच्या उन्हात दहा मिनिटं. मग फॉइल काढून दोन्ही फ्रिजमध्ये अर्धा तास, म्हणजे तापमानावरून ओळखता येणार नाही, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी जागा अदलाबदल करायला सांगा. नाक पुरतं, पिऊनही बघायला नको. सहा फेऱ्यांत सहाही वेळा ओळखता आलं. एकच खबरदारी: पांढऱ्या बाटलीतली बिअर या चाचणीला घेऊ नका. त्यातल्या काहींत उजेडाने न बिघडणारा, रासायनिक बदल केलेला हॉप-अर्क वापरतात, मग काहीच वास येणार नाही आणि निष्कर्ष चुकेल.

दुकानात ऊन थेट येत नाही, मग बिघडते कुठे? काचेच्या दाराच्या कूलरमध्ये. ट्यूबलाइटच्या उजेडात 405 आणि 436 नॅनोमीटरच्या ठळक रेषा असतात, पांढऱ्या एलईडीचा निळा भाग 450 च्या आसपास असतो. दोन्ही त्याच पट्ट्यात. कूलरचे दिवे दिवसभर चालू, बाटली सगळ्यांत पुढे, लेबल गिऱ्हाइकाकडे, अशी ती आठवडेच्या आठवडे उभी. थंड आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, पण थंडीने ही क्रिया थांबत नाही. म्हणून आता नियम एकच: कूलरमधली हिरवी बाटली घ्यायची नाही. "पेटीतली द्या, न फोडलेल्या पेटीतली" असं सांगायचं, गरम असली तरी चालेल. पेटी नसेल तर तपकिरी बाटली किंवा कॅन. दुकानदार कुरकुरतो, कुरकुरू द्या. बाटली हातात आली की तिथेच वर्तमानपत्राचे दोन-तीन पदर गुंडाळायचे, वर सोलापुरी टॉवेल. टॉवेलचे दोन फायदे: उजेड अडतो आणि काचेवर काच आपटत नाही.

परदेशातून कुणी आणणार असेल तर करमुक्त दोन लिटरची मर्यादा लक्षात ठेवून सांगा. 330 मिलिच्या सहा बाटल्या म्हणजे 1980 मिलि, बरोबर बसतात. 750 च्या दोन घेतल्या तर 1500, वर 330 ची एक, म्हणजे 170 मिलि वाया. शिवाय सहा वेगवेगळ्या चाखता येतात. मोठी बाटली छान दिसते, पण तुलनेसाठी लहानच बरी.

आता उघडण्याबद्दल. सेझॉनमध्ये वायू भरपूर असतो, बिअरच्या आकारमानाच्या तिप्पट किंवा जास्त. 20 अंशांवरून 40 वर गेली की बाटलीतला दाब दीडपटीहून जास्त होतो, म्हणून प्रवासातून आलेली बाटली त्याच दिवशी उघडू नये. दोन दिवस फ्रिजमध्ये उभी. आडवी ठेवली तर गाळ कडेला चिकटतो आणि ओतताना सगळा ढवळून निघतो. बुचाची असेल तर तार सैल करताना अंगठा बुचावरच ठेवा आणि बूच फिरवण्याऐवजी बाटली फिरवा. तुलना करताना आधी सगळ्या ग्लासांत वरची निवळ बिअर सारखी वाटायची, तिची नोंद झाली की उरलेली बाटली गोल फिरवून गाळासकट पुन्हा वाटायची. एकाला निवळ आणि दुसऱ्याला गाळाची दिली तर ती तुलना होत नाही. गाळाने मिऱ्याचा तिखटपणा मऊ होतो आणि पावासारखा वास वर येतो.

तापमान ही सोलापुरातली दुसरी अडचण. फ्रिजमध्ये 4 अंश असतात, त्यात सेझॉनला काही वासच नसतो. 8 ते 12 हा तिचा पट्टा. 36 अंशांच्या खोलीत लहान बाटली बारा-पंधरा मिनिटांत 4 वरून 9 वर येते, इतपत ठीक. पण ग्लासातली 120 मिलि बिअर दहा मिनिटांत 8 वरून 14 वर जाते, आणि चौथ्या ग्लासाकडे वळेपर्यंत पहिला कोमट. त्यामुळे शेवटी चाखलेली नेहमी चांगली वाटते, हा घोळ बरेच दिवस लक्षात आला नव्हता. उपाय स्वयंपाकघरातच आहे: स्टीलची परात, त्यात दोन बोटं पाणी आणि पाच-सहा बर्फाचे खडे, पाणी 10 अंशांच्या आसपास ठेवायचं आणि ग्लास त्यात उभे करायचे. चारही ग्लास अर्धा तास एका तापमानाला राहतात. एसी लावण्यापेक्षा हे स्वस्त आणि जास्त अचूक.

ग्लास धुण्याकडे दुर्लक्ष नको. साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला की फेस दोन मिनिटांत बसतो, आणि सेझॉनचा निम्मा वास फेसात असतो. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडतात, त्यासाठी लिटरभर पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालून विसळायचं आणि ग्लास उपडे वाळवायचे. नव्या टॉवेलने पुसू नका, सोलापुरी असला तरी. सुताचे तंतू काचेला लागतात आणि बुडबुडे त्यांच्यावरच जमतात.

चवीबद्दल थोडं. फार्महाउस म्हणजे गोठ्याचा वास असा समज बऱ्याच जणांचा आहे. तो वास ब्रेटॅनोमायसिस या यीस्टचा, आणि तो सगळ्या सेझॉनमध्ये नसतो. बेल्जियमच्या एनो प्रांतात, तूर्प गावी द्युपाँची जी 6.5 टक्क्यांची सेझॉन बनते, जिच्यावरून ही शैली ओळखली जाते, तिच्यात मुख्य काम मिरे, लिंबाची साल, वाळलेला कडबा आणि एकदम कोरडा शेवट यांचं. लवंग आली तर तीही यीस्टची, धान्यातल्या फेरुलिक आम्लापासून. मसाला घातला असेलच असं नाही. 22 बाटल्यांपैकी सगळ्यांत जास्त समाधान याच साध्या, 6 ते 6.5 टक्क्यांच्या फिकट प्रकाराने दिलं. 8 टक्क्यांच्या वरच्या जड सेझॉन पहिल्या घोटाला भारी वाटतात, पण दुसऱ्या ग्लासाला गोडवा आणि दारूची ऊब वर येते, आणि मग सेझॉन पिण्याचं कारण राहत नाही. कोकम, पेरू, मध घातलेल्यांवर पैसे घालू नका असं माझं मत.

कोरडेपणा जिभेने ठरवताना फसायला होतं, कारण फळाचा वास गोड वाटतो. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायची काचेची नळी) असेल तर 100 मिलि बिअर दोन भांड्यांत वरखाली करून वायू काढा आणि मोजा. बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेच्या 2021 च्या मार्गदर्शिकेत साध्या ताकदीच्या सेझॉनची अखेरची, म्हणजे आंबवणं संपल्यावरची, घनता 1.002 ते 1.008 आहे; जितकी कमी तितकी बिअर कोरडी. इथे एक चूक हमखास होते: हायड्रोमीटर बहुतेकदा 20 अंशांना जुळवलेला असतो. 35 अंशांना मोजलं तर आकड्यात साधारण 0.004 मिळवावे लागतात. म्हणजे 1.000 दिसली तरी ती खरी 1.004. रिफ्रॅक्टोमीटर (उजेड किती वाकतो त्यावरून साखर मोजणारं यंत्र) वापरू नका, दारू असलेल्या द्रवात तो थेट चुकीचा आकडा देतो.

पुण्याच्या मायक्रोब्रुअरीतून ग्रोलर (ताजी बिअर घरी न्यायची मोठी बाटली) भरून आणायचा विचार असेल तर सेझॉनसाठी तो टाळा. नळातून उघड्या तोंडाने भरताना वायू जातो आणि ऑक्सिजन आत शिरतो, सोलापूरला पोचेपर्यंत पाच तास, आणि दुसऱ्या दिवशी बिअर मंद झालेली असते. तिथेच बसून प्यावी.

सोबत खायला बिनमिठाची कडक भाकरी, दोन बिअरच्या मध्ये एक तुकडा आणि घोटभर पाणी. फरसाण नको, तेलाने फेस आणि जीभ दोन्ही जातात. शेंगाचटणी अतिशय छान लागते, कोरड्या सेझॉनबरोबर शेंगदाण्याचा तेलकटपणा धुऊन निघतो, पण नोंदी संपल्यावरच. लसूण आणि तिखट एकदा जिभेला लागलं की मिरे आणि लवंग यांतला फरक अर्धा तास कळत नाही, आणि वायूमुळे तिखट आणखी चढतं.

पुढची खरेदी हुरड्याच्या दिवसांत, जानेवारीत. सहा लहान बाटल्या, सगळ्या तपकिरी, न फोडलेल्या पेटीतल्या.